आपला धर्म इंग्रजीत सांगताना: कुठला शब्द चालतो, कुठला अडतो आणि मग काय करायचं

परदेशातल्या मराठी घरांत ही वेळ हमखास येते. मुलीच्या वर्गात दिवाळीबद्दल पाच मिनिटं बोलायचं असतं, मंडळाच्या गणपतीचं इंग्रजी पत्रक लिहायचं असतं, हॉस्पिटलच्या फॉर्मवर आजीच्या धार्मिक गरजा भरायच्या असतात. पुण्या-मुंबईतही ऑफिसातल्या बाहेरच्या कलीगला संकष्टी म्हणजे काय ते सांगायची पाळी येतेच. अशा वेळी आपण डिक्शनरीतला पहिला शब्द उचलतो, मूर्ती म्हणजे आयडॉल, पाप म्हणजे सिन, स्वर्ग म्हणजे हेवन, समोरचा मान डोलावतो आणि आपल्याला वाटतं चला, समजलं. पण त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी उभं राहिलेलं असतं. हे इंग्रजी शब्द शेकडो वर्षं चर्चमध्ये वापरले गेलेत, त्यांच्या पोटात ख्रिस्ती धर्माची अख्खी मांडणी बसलीय. त्या मांडणीत वाईट काही नाही, पण ती आपली नाही, आणि शब्द घेतला की तीही सोबत येते.

म्हणून शब्दाला शब्द जोडत बसू नका. तो इंग्रजी शब्द त्यांच्याकडे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघा, आणि तो प्रश्न आपल्याकडे पडतो का ते बघा. प्रश्न सारखा असेल तर शब्द बिनधास्त वापरा, थोडा सारखा असेल तर पुढे एक वाक्य जोडा, आणि प्रश्नच वेगळा असेल तर आपला शब्द तसाच ठेवा. आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: कोण वाचणार आणि वाचून काय करणार

हे आधी ठरवा, कारण हॉस्पिटलच्या फॉर्मवर तत्त्वज्ञान चालत नाही आणि शाळेतल्या भाषणात पथ्याची यादी चालत नाही.

उपासाचंच घ्या. फॉर्मवर आपण सरळ फास्टिंग लिहून टाकतो. पण हॉस्पिटलात फास्टिंग म्हणजे तोंडाने काहीच घ्यायचं नाही, रक्त तपासणीच्या किंवा ऑपरेशनच्या आधी असतं तसं. मग नर्स आजीला जेवण देत नाही, किंवा डायबेटिस आहे म्हणून सगळे घाबरतात, आणि इकडे आजी डब्यातून आलेली साबुदाण्याची खिचडी खात असते जी साखरेच्या दृष्टीने खरं तर डॉक्टरला आधी कळायला हवी. म्हणून तिथे तो एक शब्द लिहून थांबू नका. काय खाणार ते लिहा, म्हणजे दूध, फळं, साबुदाणा, शेंगदाणे, भगर, बटाटा. काय नाही खाणार ते लिहा, म्हणजे गहू-तांदूळ, डाळी, कांदा-लसूण. कधीपर्यंत ते लिहा, संकष्टी असेल तर चंद्रोदयापर्यंत, एकादशी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं होईपर्यंत. आणि पाणी, गोळ्या चालतात की नाही ते वेगळ्या ओळीत लिहा, निर्जळी करणारी माणसं अजूनही आहेत. एवढं लिहिलं की काम झालं, तिथे उपवास या शब्दाची व्युत्पत्ती कोणालाही नकोय.

पायरी २: उलट शब्दाची परीक्षा

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली युक्ती हीच. इंग्रजी शब्द हातात घेतला की त्याच्या विरुद्ध काय येतं ते विचारा, शब्द कुठल्या मांडणीतून आलाय ते लगेच दिसतं.

आयडॉलच्या विरुद्ध काय? खरा देव. म्हणजे आयडॉल म्हटल्याक्षणी तुम्ही स्वतःच कबूल करता की हा खोटा. गॉडच्या विरुद्ध डेव्हिल, आपल्याकडे तसा एकच एक सैतान नाही. बिलिव्हरच्या विरुद्ध अनबिलिव्हर, म्हणजे धर्म हा मुख्यतः विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा मामला आहे असं गृहीत धरलेलं. आपल्याकडे तर सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत आणि तरी आस्तिक गणली जातात, कारण जुन्या अर्थाने नास्तिक म्हणजे वेद न मानणारा.

होलीच्या विरुद्ध काय हेही बघा. पवित्र-अपवित्र ठीक आहे, पण सोवळं-ओवळं त्यात बसत नाही. सोवळ्यातली आजी स्वयंपाक करताना कोणाचा हात लागला तर पुन्हा आंघोळीला जायची, आणि त्यात स्पर्श करणारा वाईट किंवा पापी असं तिच्या मनात नसायचं, नातवाच्या हातानेही सोवळं मोडायचं. शिवाय मंगल नावाची एक तिसरीच गोष्ट आपल्याकडे आहे. हळदी-कुंकू, तोरण, सनई हे सगळं मंगल आहे, त्याला होली म्हणता येत नाही. तिथे ऑस्पिशस वापरा, शब्द जड आहे पण जवळ जातो.

पायरी ३: जे बसतात त्यांना छळू नका

काही लोक प्रत्येक शब्दावर अडतात, तेही नको. आशीर्वादाला ब्लेसिंग, देवळाला टेंपल, सणाला फेस्टिव्हल, व्रताला व्हाऊ, मन लावून केलेल्या प्रार्थनेला प्रेयर, हे सगळं चालतं. वारीला पिल्ग्रिमेजही चालेल, फक्त ती आयुष्यात एकदा करायची यात्रा नाही हे सांगा. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं, दर आषाढीला जातो तो वारकरी. फॉर्मवर रिलिजन या रकान्यात हिंदू लिहा आणि पुढे चला, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

पायरी ४: अर्धे बसणारे शब्द, यांच्यामागे एक वाक्य हवंच

गॉड हा सगळ्यात मोठा. इंग्रजीत एक सोय आहे, मोठ्या अक्षराने सुरू होणारा गॉड म्हणजे एकमेव परमेश्वर आणि लहान अक्षराचा म्हणजे अनेकांतला कोणीतरी. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत, त्यामुळे देव म्हणताना आपल्याला हा फरक करावा लागत नाही. जेजुरीचा खंडोबा कुलदैवत, देव्हाऱ्यात गणपती-अन्नपूर्णा, आषाढीला पंढरपूर, गावाला गेलं की ग्रामदैवताला नारळ, आणि विचारलं तर सगळे म्हणणार देव एकच. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, देव किती? आधी तीन हजारांच्या वरचा आकडा येतो, मग 33, मग सहा, तीन, दोन, दीड आणि शेवटी एक. ते 33 म्हणजे 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, इंद्र आणि प्रजापती. मुद्दा हा की याज्ञवल्क्य आधीचं एकही उत्तर चूक म्हणून मागे घेत नाही. त्यामुळे कोणी विचारलं की तुम्ही एकेश्वरवादी की अनेकेश्वरवादी, तर त्या दोनातलं एक निवडायची घाई करू नका, वरची घरातली यादी सांगा, ती जास्त लवकर समजते. लिहिताना मात्र शक्यतो नाव घ्या, गणेश, विठ्ठल, भवानी, किंवा डेइटी म्हणा. एलिफंट गॉड म्हणू नका, त्याला नाव आहे.

सोल हा शब्द आत्म्यासाठी सर्रास चालतो. पण इंग्रजीत सोल म्हणजे माणसाचं मन, स्वभाव, आठवणी सगळं मिळून. आपल्याकडे मन, बुद्धी, अहंकार हे आत्म्याच्या बाजूला पडतच नाहीत, ते अंतःकरणात मोजतात. शिवाय शंकराचार्यांच्या मते आत्मा शेवटी एकच, मध्वाचार्यांच्या मते जीव अनेक आणि कायम वेगळे, म्हणजे आपल्यातच एकमत नाही. साध्या बोलण्यात सोल ठेवा, गीतेबद्दल लिहीत असाल तर आत्मन् ठेवा.

प्रीस्ट म्हटलं की चर्चमधून दीक्षा घेतलेला, रविवारी प्रवचन देणारा, लोकांच्या पापांची कबुली ऐकणारा माणूस डोळ्यापुढे येतो. आपल्याकडे ही कामं वाटलेली आहेत. सत्यनारायण सांगायला गुरुजी, शंकराच्या देवळात बरेचदा गुरव, तुळजापूरला भोपे, समजावून सांगायला कीर्तनकार, आणि कबुली ऐकणारा कोणीच नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या ठिकाणी शिकलेल्या बायकाही पौरोहित्य करतात. तेव्हा प्रीस्ट म्हणा, पण हा माणूस विधी करून देतो, आमच्या श्रद्धेवर त्याचा अधिकार नाही, एवढं वाक्य जोडा.

सेंट आणि संत ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात पण नातं नाही. सेंट लॅटिनमधून आलाय, संत संस्कृतातल्या सत् पासून, आणि उच्चार जुळला हा योगायोग. सेंट ठरवायला चर्चची रीतसर प्रक्रिया आहे. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांना 1622 मध्ये संतपद जाहीर झालं, आणि आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानात नागासाकीला मारले गेले, त्यांना 1862 मध्ये. तुकोबांना, जनाबाईला, चोखोबांना असं कोणी जाहीर केलं नाही, लोकांनी अभंग गायले आणि संत म्हटलं. आपल्या संतांत शिंपी, कुंभार, माळी अशी संसारी माणसं आहेत. इंग्रजीत पोएट-सेंट हा जोडशब्द रुळलाय, तो छान आहे, वापरा.

आणि देवळात जाण्याला टू प्रे म्हणणं. त्यात दर्शन हरवतं. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग तासन् तास चालते, कपाळ विठोबाच्या पायावर टेकायला जेमतेम क्षण मिळतो, ज्यांना तेवढा वेळ नाही ते मुखदर्शन घेतात, आणि गर्दी फारच असेल तर कित्येक वारकरी नामदेव पायरीला माथा टेकून कळस बघून परततात आणि वारी पोचली म्हणतात. मागितलं काही नाही, नुसतं पाहिलं आणि त्यानेही आपल्याला पाहिलं. हे प्रेयरमध्ये कसं बसवणार? दर्शन हाच शब्द ठेवा आणि पुढे सांगा की देवाला पाहणं आणि त्याच्या नजरेत येणं.

पायरी ५: जे अडतात ते सोडून द्या

पहिला आयडॉल. याची जागा घ्यायला मूर्ती हा शब्द आहे, इंग्रजीत आता बराच रुळलाय. पण शब्द बदलून भागत नाही, काय करतो ते दाखवा. चतुर्थीच्या सकाळी पाटावर बसवलेली शाडूची मूर्ती अजून नुसती मूर्ती असते. गुरुजी तिच्या हृदयाला हात लावायला सांगतात, अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु म्हणतात, दुर्वेच्या टोकाने डोळ्यांना तूप लावतात, आणि तिथून पुढे तो घरचा पाहुणा. जेवल्याशिवाय ठेवायचा नाही, एकट्याला सोडून बाहेर जायचं नाही. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा, यान्तु देवगणाः सर्वे, अक्षता टाकून मूर्ती जरा हलवायची, म्हणजे देव निघाला, आता ही पुन्हा माती आणि ती पाण्यात जाणार. हे ऐकल्यावर मातीला देव समजता का हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण माती कधी आणि देव कधी हे विधीतच सांगितलंय.

वर्शिपही इथेच अडतो. खंडेनवमीला आपण हत्यारांची, मशीनची, आता लॅपटॉपचीही पूजा करतो, पोळ्याला बैलाची, नवीन गाडी आली की गाडीची. वी वर्शिप अवर टूल्स म्हटलं की ऐकणारा हबकतो. तिथे ऑनर म्हणा, ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याचा मान ठेवतो असं सांगा.

सिनकडे वळू. ख्रिस्ती विचारात माणूस मुळातच पापी अवस्थेत जन्मतो, आणि त्यातून सुटकेसाठी तारणारा लागतो. आपल्याकडे तसं मूळ पाप नाही. पाप-पुण्य हे केलेल्या कर्माचं, ज्याचं त्याला भोगावं लागणारं, प्रायश्चित्ताने कमी होणारं. आणि सुतकाला तर सिनच्या जवळपासही नेऊ नका. ऑफिसात सुट्टी मागताना कोणी इम्प्युरिटी लिहितो ते बघून वाईट वाटतं. घरातलं माणूस गेलंय, फॅमिली मोर्निंग पिरियड लिहा, तेराव्यापर्यंत असं सांगा, बॉसला लगेच कळतं.

सॅल्व्हेशन आणि हेवन एकत्र घेतो. विचारा, सुटका कशातून? त्यांच्याकडे पापातून, आपल्याकडे जन्म-मरणाच्या फेऱ्यातून. आणि आपला स्वर्ग मुक्काम नाहीच, गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे, क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति, पुण्य संपलं की परत खाली. त्यामुळे मोक्षाला हेवन म्हणणं दुहेरी चूक, लिबरेशन हा शब्द बरा. त्यातही आपल्या तुकोबांनी वेगळंच मागितलंय, मुक्ती नको, संतसंग दे, मग खुशाल गर्भवासात घाल. पुन्हा जन्म हाच ज्यांना भक्तीची संधी वाटतो त्यांना सॅल्व्हेशनच्या चौकटीत कुठे ठेवायचं? हे मला मराठी धर्मविचारातलं सर्वात देखणं टोक वाटतं आणि मुलांना ते कळावं अशी फार इच्छा आहे.

डीमन हा शब्द राक्षस, असुर, दानव, दैत्य सगळ्यांना लावतात. मग बलिप्रतिपदेला काय सांगणार? बळी असुरच, प्रल्हादाचा नातू, आणि महाराष्ट्रात आपण म्हणतो इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. शेतकऱ्याला प्रेमाने बळीराजा म्हणतो. डीमन किंग म्हटलं की मुलं गोंधळतात, दुष्टाचं राज्य कशाला यावं? असुर राजा म्हणा, आणि तो दानशूर होता हे सांगा.

मिथॉलॉजी अभ्यासकांच्या भाषेत तटस्थ असेल, रोजच्या इंग्रजीत मिथ म्हणजे खोटी समजूत. ज्या देवांना आज कोणी पूजत नाही त्यांच्या गोष्टींना तो शब्द खपतो, आपल्या नाही. सेक्रेड स्टोरीज म्हणा, किंवा पुराणं म्हणा.

आणि धर्म. शेजारधर्म, राजधर्म, धर्मशाळा, जाळणं हा अग्नीचा धर्म, यातला एकही धर्म रिलिजन नाही. राज्यघटनेच्या उद्देशिकेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने सेक्युलर हा शब्द आला तेव्हा हिंदी पाठात पंथनिरपेक्ष लिहिलं गेलं, आपल्या मराठी पाठात धर्मनिरपेक्ष आहे. हिंदीवाल्यांनी धर्म शब्द बाजूला ठेवला, आपण नाही ठेवला. जिथे कर्तव्य असा अर्थ आहे तिथे ड्यूटी लिहा, जिथे ओळख विचारलीय तिथे रिलिजन.

पायरी ६: इंग्रजीत गेलेले आपलेच शब्द तपासून घ्या

कर्म, गुरू, अवतार, मंत्र, निर्वाण हे इंग्रजीत आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. इंग्रजीतला कर्मा म्हणजे ज्याने वाईट केलं त्याचं लगेच वाईट झालं, गुरू म्हणजे कुठल्याही विषयातला तज्ज्ञ, मार्केटिंगचाही. हे शब्द वापरले की आमच्याकडे याचा अर्थ असा, हे सांगायलाच लागतं.

उलट बाजूनेही बघा. कोणी गेलं की ग्रुपवर सगळे आरआयपी टाकतात. रेस्ट इन पीस ही कबरीत विसावलेल्यासाठीची ख्रिस्ती प्रार्थना आहे. आपण दहन करतो, पुढच्या गतीसाठी दहावं-तेरावं करतो, आपल्याकडे सद्गती लाभो, ओम शांती असं म्हणायची रीत आहे. ख्रिस्ती मित्राच्या घरी मात्र आरआयपीच बरोबर.

पायरी ७: आपला शब्द ठेवायला लाजू नका

ही अडचण आपल्यालाच आली असं नाही. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, मराठी शिकले आणि 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा त्यांनी ओवीत छापली. पहिल्याच ओवीत ते देवा बापा, परमेश्वरा अशी हाक मारतात, म्हणजे आपलेच शब्द घेऊन त्यांनी त्यात नवा अर्थ भरला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये निघालं. आणि मराठी बायबलात आजही बाप्तिस्मा हा शब्द तसाच आहे, त्याला स्नान किंवा दीक्षा केलेलं नाही, कारण केलं असतं तर आपले अर्थ त्यात घुसले असते. मराठी ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा ठेवतो तर आपण इंग्रजीत प्रसाद, मूर्ती, दर्शन, आरती का नाही ठेवायचं? मुंजीला हिंदू बॅप्टिझम आणि दिवाळीला हिंदू ख्रिसमस म्हणायची गरज नाही.

फक्त एका पानात असे शब्द चार-पाचच ठेवा, जास्त झाले की वाचणारा सोडून देतो. प्रत्येक शब्द पहिल्यांदा आला की त्याच वाक्यात कृतीतून अर्थ द्या. उदाहरणार्थ नैवेद्य आणि प्रसाद यातला फरक व्याख्येने सांगायचा नाही, मोदक देवापुढे ठेवतो तेव्हा नैवेद्य, देवाने घेतल्यावर आपल्या हातात येतो तेव्हा प्रसाद, झालं.

पायरी ८: लिहून दोघांना दाखवा

मंडळाच्या पत्रकात नेहमी दिसणारं वाक्य घ्या: वी वर्शिप द आयडॉल ऑफ द एलिफंट गॉड फॉर टेन डेज अँड देन इमर्स इट. यात आयडॉल, एलिफंट गॉड, वर्शिप तिन्ही अडतात आणि पाण्यात का टाकता हे कळतच नाही. त्याऐवजी मातीच्या मूर्तीत गणेशाला यायचं आमंत्रण देतो, दहा दिवस पाहुण्यासारखं ठेवतो, मग निरोप देतो आणि माती पाण्याला परत करतो, अशी तीन छोटी इंग्रजी वाक्यं करा. इनव्हाइट, गेस्ट, फेअरवेल, साधे शब्द, एकही धार्मिक नाही, आणि तरी विधी जसा आहे तसा आला.

मग ते घरातल्या पूजा करणाऱ्या माणसाला मराठीत सांगून बघा, त्यांनी हे असं नसतं म्हटलं तर थांबा आणि बदला. नंतर ज्याला आपलं काही माहीत नाही अशा एकाला वाचायला द्या आणि त्याला काय समजलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. समजलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. तो जिथे चुकीचं सांगेल तिथला शब्द बदला किंवा तिथे एक वाक्य वाढवा, आणि मग छापायला द्या.